युजरची यादी कॉम्प्युटरवाल्याची नाही, मालकाची!



ऑफिसच्या नेटवर्कचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्याकडे बारा कॉम्प्युटर आहेत. ॲक्टिव्ह डिरेक्टरी लागेल का?" प्रश्न चांगला आहे, पण उत्तर देण्याआधी मी एक उलटा प्रश्न विचारतो. तुमच्या अकाउंटंटने उद्या सकाळी फोन करून सांगितलं की "साहेब, मी आजपासून येत नाही," तर त्याच्याकडून कोणकोणत्या किल्ल्या परत घ्यायच्या, याची यादी तुमच्याकडे आहे का? शटरची किल्ली तुम्ही त्याच दिवशी मागून घ्याल, कपाटाचीही घ्याल. पण सर्व्हरवरच्या फोल्डरची, ईमेलची, बिलिंगच्या सॉफ्टवेअरची, त्याच्या घरी असलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपची?

"ते आमचा कॉम्प्युटरवाला बघतो," असं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. माझं भांडण याच वाक्याशी आहे. कॉम्प्युटरवाल्याने केबल बघावी, प्रिंटर बघावा, सर्व्हर बसवावा. पण कोणाला आत घ्यायचं, कोणाला कुठवर जाऊ द्यायचं आणि कोणाचं दार कधी बंद करायचं, हे ठरवणं धंद्याचं काम आहे आणि ते मालकानेच करायचं. व्हिडिओत हे दोन मिनिटांत गुंडाळावं लागतं, म्हणून आज इथे सविस्तर लिहितोय.

आधी ही डिरेक्टरी म्हणजे काय ते साध्या भाषेत बघू. तुमच्याकडे मस्टर आहे ना, हजेरीचा? त्यात प्रत्येक कामगाराचं नाव, नंबर, खातं. आता त्याच मस्टरला किल्ल्यांचा बोर्ड जोडा. कोणत्या माणसाकडे कोणत्या खोलीची किल्ली आहे, कोणती मशीन आपली आणि कोणती बाहेरची, सगळं एकाच ठिकाणी लिहिलेलं. नेटवर्कची डिरेक्टरी म्हणजे हेच. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आली आणि आजही ऑफिसांमध्ये तीच सगळ्यात जास्त दिसते. ज्या सर्व्हरवर हे मस्टर असतं त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. सकाळी तुमचा माणूस कॉम्प्युटर सुरू करून पासवर्ड टाकतो, तेव्हा तो कॉम्प्युटर या सर्व्हरला विचारतो, "हा आपला माणूस आहे का?" होकार आला की आत.

डिरेक्टरी नसेल तर काय होतं? प्रत्येक कॉम्प्युटरचं मस्टर वेगळं. बारा माणसं, बारा कॉम्प्युटर, आणि कोणीही कुठेही बसून काम करायचं असेल तर १४४ नोंदी करायच्या आणि सांभाळायच्या. एवढा उद्योग कोणी करत नाही. मग सगळ्या कॉम्प्युटरवर एकच युजर बनतो, "ऑफिस" किंवा "ॲडमिन" नावाचा, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. तो पासवर्ड चहावाल्यालाही पाठ असतो. हसू नका, तुमच्याही मॉनिटरची कड एकदा बघून या.

इथे लगेच एक वाक्य येतं. "सर, आमच्याकडे सगळी घरचीच माणसं आहेत."

मान्य. पण वेगळं अकाउंट देणं म्हणजे माणसावर संशय घेणं, हा समज डोक्यातून काढा. मला तर उलटं वाटतं. समजा भोसरीत तुमचं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, ऑफिसात आठ माणसं बसतात. मार्चअखेरीस लक्षात येतं की एका जुन्या पार्टीच्या बिलातला रेट कोणीतरी बदललाय. मुद्दाम की चुकून, माहीत नाही. सगळे "ॲडमिन" नावानेच काम करत असतील तर सॉफ्टवेअर काय दाखवणार? "ॲडमिनने बदल केला." म्हणजे आठही जण संशयात. पंधरा वर्षं इमानदारीने काम करणारी तुमची बिलिंगवाली ताईसुद्धा. तिला "मी केलं नाही" हे सिद्ध करायला तुम्ही काहीच ठेवलेलं नाही. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट असेल तर सगळ्यात आधी प्रामाणिक माणूस सुटतो. कर्मचाऱ्यांना हे असंच समजावून सांगा, कोणी रागावणार नाही.

आणि आता हा नुसत्या शिस्तीचा विषय राहिलेला नाही. तुमचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपनी कायद्याच्या नियमांनुसार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असणं बंधनकारक आहे. कोणत्या एंट्रीत काय बदल झाला, कधी झाला, याची नोंद ठेवायची आणि ती बंद करता येता कामा नये. हा नियम दोनदा पुढे ढकलला होता, शेवटी लागू झाला. प्रोप्रायटरशिपला तो लागू नाही, पण उद्या कंपनी करायचं स्वप्न आहेच ना तुमचं? मग ऑडिट ट्रेल नियमाप्रमाणे चालू आहे, आणि त्यात प्रत्येक ओळीपुढे "ॲडमिन, ॲडमिन, ॲडमिन" एवढंच लिहिलेलं आहे, असल्या कागदाचा तुम्हाला तरी काय उपयोग? एक लक्षात ठेवा, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले युजर आणि विंडोजचे युजर साधारणपणे वेगवेगळे असतात. दोन्हीकडे माणशी एक अकाउंट हवं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपायचे, असं आहे. लॉग म्हणजे कोण कधी आत आलं याची वही. त्या वहीत सगळ्यांचं नाव एकच असेल तर सहा तास काय, सहा महिने बसलात तरी काही कळणार नाही.

माणूस सोडून जातो तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, म्हणजे नोकरी सोडणाऱ्या माणसाकडे. माझ्या मते डिरेक्टरीची खरी किंमत माणूस कामाला लागतो त्या दिवशी कळत नाही, तो जातो त्या दिवशी कळते.

डिरेक्टरी असेल तर एकाच ठिकाणी त्याच्या नावावर राइट क्लिक करायचं आणि अकाउंट डिसेबल करायचं, म्हणजे बंद. सगळ्या कॉम्प्युटरची, सगळ्या फोल्डरची दारं एका झटक्यात. पण बंद करा, डिलीट करू नका! हे मी मोठ्याने सांगतोय, कारण बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. माणूस गेला, नाव पुसलं, विषय संपला. तसं नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आतून नावावर चालत नाही, नंबरावर चालते. प्रत्येक अकाउंटला एक कायमचा नंबर मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात, आणि फोल्डरच्या परवानग्या त्या नंबरावर लिहिलेल्या असतात. तुम्ही "सुनीता" अकाउंट पुसलं आणि महिन्याने ती परत कामावर आली म्हणून त्याच नावाचं नवीन बनवलं, तर सर्व्हरच्या दृष्टीने ही पूर्णपणे वेगळी सुनीता. नाव तेच, पासवर्डही तोच ठेवलात, तरी जुनं एकही फोल्डर उघडणार नाही. पुसलेलं परत आणायला रीसायकल बिनची सोय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. अपघात झाल्यावर चालू करून उपयोग नाही. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला आजच विचारा, ती चालू आहे का.

म्हणून माझी पद्धत सांगतो. माणूस गेला की अकाउंट बंद, "सोडून गेलेले" नावाच्या वेगळ्या कप्प्यात हलवायचं, त्याच्या सगळ्या ग्रुपमधून नाव काढायचं आणि ऑडिट पूर्ण होईपर्यंत तसंच ठेवायचं. त्याच्या फाइली कोणाकडे गेल्या तेही लिहून ठेवायचं.

एवढं केलं की झालं का? नाही ना! अकाउंट बंद केलं तरी आधीच आत बसलेल्या माणसाचा परवाना काही वेळ चालू राहू शकतो, आणि लॅपटॉपची गोष्ट तर वेगळीच आहे. विंडोज कॉम्प्युटर नेहमीच्या सेटिंगमध्ये आधी लॉगिन केलेल्या १० जणांची आठवण स्वतःकडे ठेवतो. सर्व्हर बंद असला किंवा माणूस प्रवासात असला तरी काम अडू नये म्हणून ही सोय आहे. याचा अर्थ असा की तुम्ही इकडे अकाउंट बंद केलं, पण त्याने घरी लॅपटॉपचं इंटरनेट बंद ठेवलं, तर तो जुन्याच पासवर्डने आत जाऊ शकतो आणि लॅपटॉपवर जे आहे ते बघू शकतो. लॅपटॉप हातात आल्याशिवाय फुल अँड फायनल करू नका. हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअरने लागू होत नाही, तो तुम्हीच पाळायचा.

शिवाय कित्येक किल्ल्या या मस्टरच्या बाहेरच असतात. जीएसटी पोर्टलला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय? बँकेचा ओटीपी कोणाला जातो? कंपनीचं व्हॉट्सॲप बिझनेस कोणाच्या खिशात आहे? डोमेन नाव कोणाच्या ईमेलवर नोंदवलंय? ॲक्टिव्ह डिरेक्टरीला यातलं काहीही माहीत नसतं. म्हणून तर म्हणतो की यादी मालकाकडे हवी. सर्व्हरवर जे आहे ते तिचा एक भाग झाला.

किल्ली माणसाला नको, कामाला द्या

ग्रुपचा विषय तसा रुक्ष वाटतो. पण पैसे इथेच वाचतात आणि डोकंही.

छोट्या ऑफिसात परवानगी कशी दिली जाते? "अरे, राहुलला ते कोटेशनचं फोल्डर दे." दिलं. मग राहुल स्टोअरमधून खरेदीत गेला. "राहुलला खरेदीचंही दे." दिलं. स्टोअरचं काढलं का? कोणाच्या लक्षातही नाही. पुढे त्याने रजेवर गेलेल्या मुलीचं काम महिनाभर पाहिलं, म्हणून पगाराचं फोल्डर मिळालं, तेही राहिलं. तीन वर्षांनी राहुलकडे तुमच्यापेक्षा जास्त किल्ल्या असतात, आणि यात त्याची काहीच चूक नाही. हक्क देताना फोन येतो, काढताना कोणाचाच फोन येत नाही.

याला उपाय ग्रुप. "खरेदी", "विक्री", "हिशेब", "पगार" असे ग्रुप करा. फोल्डरची परवानगी फक्त ग्रुपला द्यायची, माणसाच्या नावाने कधीच नाही, मालकाच्या नावानेसुद्धा नाही. माणूस काम बदलला की एका ग्रुपमधून काढून दुसऱ्यात टाकायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. जिथे काहींनी फक्त बघायचं आणि काहींनी बदलायचं, तिथे "खरेदी बघणारे" आणि "खरेदी बदलणारे" असे दोन करा. पुस्तकात याच्या पुढची पायरी शिकवतात. माणसं एका प्रकारच्या ग्रुपमध्ये, तो ग्रुप दुसऱ्या प्रकारच्या ग्रुपमध्ये आणि परवानगी त्या दुसऱ्याला. पन्नास-शंभर माणसांना ते उत्तम आहे. पंधरा माणसांच्या ऑफिसात मी तरी ते करायला लावणार नाही. जी व्यवस्था तुम्हाला स्वतःला समजत नाही ती तुम्ही तपासणार कशी?

जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. कोणाला नव्या ग्रुपमध्ये टाकलं आणि लगेच त्याचा फोन आला की "सर, अजून उघडत नाही," तर घाबरू नका. त्याला एकदा लॉग आउट करून परत लॉगिन करायला सांगा. ग्रुपची नोंद लॉगिन होतानाच त्याच्या परवान्यावर येते. एवढ्याशा कारणासाठी लोक व्हिजिट चार्ज देतात!

आणि हो, डोमेन ॲडमिन्स हा ग्रुप. यात असलेला माणूस सगळ्या नेटवर्कचा राजा असतो. अनेक ठिकाणी मालक स्वतःचं रोजचं अकाउंट यात टाकायला लावतात, "मी मालक आहे, मला सगळं उघडलं पाहिजे" म्हणून. कृपा करून असं करू नका. तुम्ही रोज ईमेल उघडता, एखाद्या दिवशी खोटं बिल जोडलेल्या मेलवर क्लिक होतं, आणि तो व्हायरस तुमच्या हक्काने चालतो. तुमचा हक्क एका फोल्डरपुरता असेल तर नुकसान एका फोल्डरचं. तुम्ही राजा असाल तर सर्व्हर, बॅकअप, सगळ्यांचे कॉम्प्युटर, सगळं कुलूपबंद होऊन वर खंडणीची चिठ्ठी. रोजचं अकाउंट साधं ठेवा. राजाचं अकाउंट वेगळं, आणि त्यावरून ईमेल कधीच उघडायचा नाही.

कॉम्प्युटरचीही हजेरी असते

माणसांसारखंच कॉम्प्युटरचंही डिरेक्टरीत अकाउंट असतं, आणि त्यालाही पासवर्ड असतो, हे अनेकांना नवीन वाटेल. तो पासवर्ड कॉम्प्युटर स्वतःच साधारण दर ३० दिवसांनी बदलतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. कधी कधी जुन्या बॅकअपवरून कॉम्प्युटर पूर्ववत केला की हा पासवर्ड जुळेनासा होतो आणि स्क्रीनवर डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटल्याचा मेसेज येतो. वाक्य भयंकर आहे, दुरुस्ती छोटी आहे. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नसते, मारू देऊ नका.

आणखी एक आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो, लाइट गेली की घड्याळ मागे जातं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सर्व्हर आणि कॉम्प्युटर यांच्या वेळेत नेहमीच्या सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर ओळख पटवण्यात अडथळा येतो. म्हणजे एका साध्या बटण सेलसाठी माणूस सकाळभर बसून राहतो. पासवर्ड बदलण्याआधी घड्याळ बघा.

कॉम्प्युटरला माणसाचं नाव देऊ नका. "प्रियाचा पीसी" असं नाव ठेवलंत, प्रिया गेली, तिथे गणेश बसला, आणि दोन वर्षांनी कोणता डबा कुठे आहे ते कोणालाच कळत नाही. "हिशेब ०१", "स्टोअर ०२" असा नंबर द्या, तोच डब्यावर स्टिकर लावून लिहा आणि तोच मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये. भंगारात दिला की डिरेक्टरीतूनही काढा. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्ही चमकाल. ॲक्टिव्ह डिरेक्टरी जशी येते तशीच ठेवली, तर कोणताही साधा युजर स्वतःच्या अधिकारात १० कॉम्प्युटर तुमच्या नेटवर्कला जोडू शकतो. ॲडमिनची गरजच नाही. हा आकडा शून्य करून घ्या. नवीन जोडलेले कॉम्प्युटर मूळच्या कंप्युटर्स नावाच्या कप्प्यात जाऊन पडतात आणि त्या कप्प्याला थेट ग्रुप पॉलिसी लावता येत नाही. मग "पेनड्राइव्ह बंद केले होते, तरी या कॉम्प्युटरवर चालतोच कसा?" असा प्रश्न पडतो. त्यांना उचलून तुमच्या विभागाच्या कप्प्यात ठेवावं लागतं.

आणि खरेदी करताना फसू नका. दुकानात ऑफरमध्ये मिळणाऱ्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज होम असतं. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, प्रो लागते. दहा लॅपटॉप घेऊन झाल्यावर हे कळलं तर दहा अपग्रेडचे पैसे वेगळे जातात.

मग घ्यायची की नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर. तुम्ही आत्ता सुरुवात करताय, चार-पाच माणसं आहेत, काम ईमेलवर आणि ऑनलाइन सॉफ्टवेअरवर चालतंय, तर सर्व्हर घेऊ नका. कोणी कितीही गोड बोलून विकला तरी नाही. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ जे काही तुम्ही वापरता, त्याच्या ॲडमिन पानावर युजर आणि ग्रुप असतातच. वरचे सगळे नियम तिथे तसेच लागू होतात. माणशी एक अकाउंट, परवानगी ग्रुपला, जाणाऱ्याचं आधी बंद. मात्र कंपनीचा ईमेल फुकटच्या वैयक्तिक अकाउंटवर चालवत असाल तर हे काहीच तुमच्या हातात नाही, तेवढं आधी बदला.

माणसं पंधरा-वीसच्या पुढे चालली, डिझाइनच्या मोठ्या फाइली किंवा हिशेब ऑफिसातल्याच मशीनवर आहे, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा विचार करा. तोपर्यंत साध्या विंडोज कॉम्प्युटरलाच सर्व्हर बनवून भागवलेलं असतं, पण त्यावर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. विंडोज सर्व्हरची एसेन्शियल्स आवृत्ती २५ युजर आणि ५० उपकरणांपर्यंत चालते आणि तिला माणशी वेगळं लायसन्स लागत नाही. त्यापुढच्या आवृत्त्यांना ते लागतं, आणि कोटेशनमध्ये ही ओळ अनेकदा गाळलेली असते. लिनक्स जाणणारा भरवशाचा माणूस जवळ असेल तर सांबा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर म्हणून काम करतं. "भरवशाचा माणूस" हे शब्द मात्र दोनदा वाचा. क्रॅक केलेल्या सर्व्हरबद्दल मी बोलणारच नाही. ज्या मशीनवर सगळ्या किल्ल्या टांगल्या आहेत ती चोराकडून आणलेल्या कुलपाने बंद करायची का, हे तुम्हीच ठरवा.

दुसरा डोमेन कंट्रोलर असावा, म्हणजे एक बंद पडला तर ऑफिस बंद पडत नाही. ते परवडत नसेल तर चांगला यूपीएस आणि रोजचा बॅकअप एवढं तरी हवंच. बॅकअप सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर डिरेक्टरीच्या बाबतीत तो नसल्यासारखाच धरा.

पासवर्डबद्दल एकच सांगतो. दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणं ही जुनी पद्धत आहे. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या शिफारशींमधून २०१९ मध्ये ती काढून टाकली. सक्तीने बदलायला लावलं की लोक जानेवारीचा फेब्रुवारी करतात, बाकी तोच पासवर्ड. लांब, लक्षात राहणारा, चार-पाच शब्दांचा ठेवू द्या आणि गळती झाल्याचा संशय आला की लगेच बदला.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, राजाची किल्ली. सर्व्हर बसवणारा कॉम्प्युटरवाला त्याच दिवशी दोन पासवर्ड ठरवतो. एक डोमेनच्या ॲडमिनिस्ट्रेटरचा. दुसरा डिरेक्टरी दुरुस्त करायच्या मोडचा, जो सर्व्हर आजारी पडल्यावरच लागतो आणि त्या वेळी कोणालाच आठवत नाही. हे दोन्ही पासवर्ड लिहून, पाकीट बंद करून, त्यावर सही करून तुमच्या तिजोरीत ठेवा. वर्षातून एकदा ते चालतात का हे समोर बसून बघा. कॉम्प्युटरवाल्याला त्याच्या स्वतःच्या नावाचं वेगळं ॲडमिन अकाउंट द्या. एएमसी संपली की ते बंद. तो माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. तो आजारी पडू शकतो, गावी जाऊ शकतो, त्याचं आणि तुमचं बिलावरून वाजू शकतं, आणि तुमचं ऑफिस त्याच्या मूडवर चालू शकत नाही.

तुमच्यापैकी काही जण स्वतःच हा एएमसीचा धंदा सुरू करताय, हे मला माहीत आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी हे पाकीट ग्राहकाच्या हातात द्या. पासवर्ड दाबून ठेवून टिकवलेला ग्राहक मनातून कधीच गेलेला असतो, फक्त बाहेर पडायची वाट बघत असतो.

या महिन्याच्या पगाराच्या दिवशी एवढं करा. कॉम्प्युटरवाल्याकडून चालू असलेल्या सगळ्या युजरची यादी छापून मागा, त्यात प्रत्येकाचं शेवटचं लॉगिन आणि ग्रुप असू द्या. शेवटच्या लॉगिनची तारीख साधारण दोन आठवडे मागे असू शकते, तेवढा फरक धरून चला. शेजारी पगाराचं मस्टर ठेवा आणि पेन घेऊन एकेक नाव जुळवत जा. यादीत असलेल्या पण मस्टरवर नसलेल्या प्रत्येक नावापुढे लाल खूण करा आणि त्या खुणांबद्दल कॉम्प्युटरवाल्याला समोर बसवून विचारा. ही यादी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून स्वतः कशी काढायची, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो.